फ्लॉवरचा भात आणि इतर थापा

झुकिनीचे नूडल्स, फ्लॉवरचा पिझ्झा, बदामाची पोळी... डाएटच्या राज्यात भाज्यांना स्वतःच्या नावाने जगायची बंदी आहे की काय? एका हातात किसणी आणि पोटात भूक घेऊन केलेली ही चौकशी!

सध्या शहरात एकही भाजी सुखाने भाजी म्हणून जगत नाहीये. फ्लॉवर भात झालाय. झुकिनी नूडल्स झालीय. लेट्यूसचं पान बर्गरचा पाव झालंय, रताळं टोस्ट झालंय, वांग्याची चकती पिझ्झाचा बेस झालीय आणि कच्चा फणस तर थेट मटण झालाय. हौशी नाटकात नट कमी पडले की एकाच माणसाला चार भूमिका देतात ना, तसं फ्लॉवरचं झालंय. सकाळी उपमा, दुपारी भात, संध्याकाळी पिझ्झा आणि रविवारी कोणी फारच पेटलं तर बिर्याणी! बिचाऱ्याला 'आज फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा' अशी साधी हाक कोणी मारेल तर शपथ.

बाणेरच्या एका कॅफेत मी नुकतेच साडेतीनशे रुपये मोजून 'फ्लॉवर राइस बाऊल' खाल्ला. मातीच्या रंगाचं सुंदर भांडं, वर तीळ, बाजूला लिंबाची फोड. पहिला घास घेतला आणि चव एकदम ओळखीची वाटली. दुसऱ्या घासाला कळलं, ही तर आपली फ्लॉवरची भाजी. फक्त फोडणी राहिलीय. साहजिकच मी पोळी आहे का विचारलं. वेटरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते. "मॅम, हा नो-कार्ब बाऊल आहे."

तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही एव्हाना हे लोण पोचलं असेल. दर टेबलावर एक तरी डबा असा असतो, की तो उघडल्यावर आधी खुलासा करावा लागतो. "हे पास्तासारखं दिसतंय ना, पण पास्ता नाहीये." हिंजवडीत टेस्टिंगमध्ये असलेली माझी एक मैत्रीण म्हणते, "आमच्या टीममध्ये डब्यात काय आहे हे विचारायचं नसतं, डब्यात काय 'नाही' ते विचारायचं." ग्लुटेन नाही, साखर नाही, मैदा नाही, दूध नाही. मग आहे काय? तर फ्लॉवर!

मूळ गोष्ट औषधाची

आता टवाळी खूप झाली, थोडं सीरियस. हा प्रकार आज विनोदी वाटत असला, तरी त्याचा जन्म विनोदातून झालेला नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी एक आहार सुचवला. स्निग्ध पदार्थ भरपूर आणि कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. त्याला त्यांनी 'कीटोजेनिक' असं नाव दिलं. औषधांना दाद न देणाऱ्या काही मुलांना आजही हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. जिमच्या आरशासमोर उभं राहून जो कोणी "बॉस, मी सध्या कीटोवर आहे" असं सांगतो, तो खरं तर एका आजाराच्या पथ्यावर असतो. आजार मात्र नसतो!

पुढे १९७२ मध्ये डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचं पुस्तक आलं आणि 'भात, ब्रेड, बटाटा सोडा आणि बारीक व्हा' हा फंडा अमेरिकेत घरोघरी पोचला. २००३ मध्ये मायामीचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. आर्थर अ‍ॅगॅटस्टन यांचं 'साउथ बीच डाएट' गाजलं. त्यात फ्लॉवर शिजवून, घोटून, मॅश केलेल्या बटाट्यासारखा करायची पाककृती होती. तिच्या नावातच 'सरप्राइज' हा शब्द होता. सरप्राइज नेमकं कोणाला मिळायचं, ते सांगायला नकोच.

पण निवड फ्लॉवरचीच का झाली? कारण त्याचा बायोडेटा बघा. रंग पांढरा, स्वतःची चव बेताची, किसला की आपोआप दाणे सुटतात आणि कुठल्याही मसाल्याशी जुळवून घ्यायची तयारी. एचआरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एकदम 'टीम प्लेअर'! शिवाय शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात साधारण १३० कॅलरीज आणि २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, तर तेवढ्याच फ्लॉवरमध्ये अवघ्या २५ कॅलरीज आणि ५ ग्रॅम कर्बोदकं. कागदावर ही जुगलबंदी फ्लॉवर एका हाताने जिंकतो.

मग २०१५ च्या आसपास स्पायरलायझर नावाचं यंत्र फॅशनमध्ये आलं. पेन्सिलला टोक काढायचं शार्पनर असतं ना, त्याचा हा दणकट मोठा भाऊ. एका टोकाने झुकिनी घाला, दुसऱ्या टोकाने नूडल्स काढा. इंग्लंडमध्ये झुकिनीला 'कोर्जेट' म्हणतात, म्हणून तिथे या नूडल्सचं बारसं झालं 'कोर्जेटी'. झुकिनी ही आपल्या दुधीच्याच खानदानातली. दोघींच्याही अंगात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. म्हणून मीठ पडलं की पाच मिनिटांत नूडल्सचं सूप होतं. लहानपणी दुधीची भाजी बघून ज्यांनी ताट सरकवलं, तीच मंडळी आज दुधीच्या परदेशी बहिणीला हौसेने पैसे मोजतायत. आयांनी यावर जाहीर सूड घ्यायला हरकत नाही.

फ्लॉवरच्या पिझ्झा-बेसलाही एक खरं कारण आहे. अमेरिकेत तो पाकिटातून घरोघरी नेला गेल बेकर या उद्योजिकेने. तिच्या दोन्ही मुलांना सीलिअ‍ॅक हा आजार आहे. त्यात गव्हातलं ग्लुटेन चालत नाही. अशा आईने मुलांना पिझ्झा मिळावा म्हणून धडपड केली, तर तिला आपला सलामच. गंमत पुढे आहे. नुसता फ्लॉवर थापला की त्याचा चुरा होतो, त्याला धरून ठेवायला काहीतरी लागतं. म्हणून घरी चीज आणि अंडं घालतात. आणि बाजारातल्या बऱ्याच पाकिटबंद बेसमध्ये काय घालतात माहितीये? तांदळाचं पीठ! म्हणजे भात नको म्हणून फ्लॉवर आणि फ्लॉवरला आधार म्हणून पुन्हा तांदूळ.

भाताची कोर्टकचेरी

हा नावाचा घोळ फक्त आपल्याला खटकतो असं नाही. अमेरिकेत सर्वांत जास्त तांदूळ पिकवणारं राज्य म्हणजे अर्कान्सॉ. तिथे २०१९ मध्ये चक्क कायदा झाला. जे तांदूळ नाही, त्याला पाकिटावर 'राइस' म्हणायचं नाही. म्हटलंत तर दर वेळी हजार डॉलरपर्यंत दंड. भातशेतकऱ्यांची बाजू सरळ होती. आम्ही चिखलात उभं राहून पिकवतो त्याचं नाव, किसणीतून पडलेल्या कोणालाही कसं देता?

ब्रिटनमध्ये कायद्याची गरजच पडली नाही, गिऱ्हाइकांनीच निकाल लावला. जानेवारी २०१८ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने 'कॉलिफ्लॉवर स्टेक' बाजारात आणला. म्हणजे फ्लॉवरचे जाड काप, सोबत सॉस, वर प्लास्टिकचं वेष्टन. किंमत दोन पाउंड. अख्खा गड्डा साधारण त्याच्या निम्म्या किमतीला मिळत होता! लोकांनी इतकी हुर्यो उडवली, की कंपनीने तो काढून घेतला. इतिहासात एखाद्या भाजीने स्वतःच्याच नकलेला हरवल्याचं हे दुर्मीळ उदाहरण असावं.

दुधाचंही तेच. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की सोयासारख्या वनस्पतीपासून केलेल्या पदार्थाला 'दूध' किंवा 'चीज' म्हणून विकायचं नाही. नारळाच्या दुधासारख्या जुन्या, रुळलेल्या नावांना मात्र सूट. आपल्या एफएसएसएआयनेही २०२१ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना असले पदार्थ 'दूध' या नावाने विकू नका अशी तंबी दिली होती.

इथे कोणी मराठी माणूस हात वर करेल आणि विचारेल, "मग वरीचे तांदूळ?" पॉइंट आहे!

आमच्याकडे हे केव्हाच होतं

वरीचे तांदूळ हे तांदूळ नव्हेत, ते एक भरडधान्य आहे. अर्कान्सॉचा कायदा आपल्याकडे लावला, तर आषाढी एकादशीला निम्मा महाराष्ट्र दंड भरेल. आणि तेवढ्यावर थांबतोय कुठे आपण? भगर आणि दाण्याची आमटी हा वरणभाताचा डुप्लिकेट. उपवासाचं थालीपीठ, उपवासाचा डोसा, उपवासाची कचोरी. साबुदाणा तर ज्या कंदापासून करतात, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिकडचाच. परदेशी पाहुण्यांना हाताशी धरून जेवणाचा अख्खा पर्यायी मेनू उभा करणारे आपण, अ‍ॅटकिन्ससाहेबांना डाएट शिकवू शकलो असतो.

पण एक फरक बघा. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केलीय. म्हणजे साबुदाण्याची खिचडी खाताना आपण वजन कमी करतोय असं ढोंग कोणी केलं नाही. कच्च्या वरईच्या आणि कच्च्या तांदळाच्या कॅलरीजमध्ये फारसा फरक नाही आणि त्याचं कोणाला टेन्शनही नव्हतं. पदार्थ बदलला तो नियमासाठी. चवीत मात्र कोणी तडजोड केली नाही. म्हणूनच उपवास नसलेला माणूसही खिचडीच्या कढईभोवती घोटाळतो. उद्या कोणाचंही डाएट नसताना घरातली चार माणसं फ्लॉवर-राइसच्या पातेल्याभोवती घोटाळताना दिसली, तर मी हा लेख मागे घेईन.

कोकणात आणि गोव्यात श्रावण आला की मासे बंद. मग मासेखाऊ काय करतात? सुरण, वांगं, नीरफणस नाहीतर कच्च्या केळ्याच्या चकत्या करायच्या, हळद-तिखट-मीठ लावायचं, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस भाजायच्या. सगळी ट्रीटमेंट सुरमईची. पण नाव? काप! सुरणाचे काप. 'व्हेज सुरमई' असं कोणी म्हणालं नाही. सुरणाला सुरण म्हणूनच मान मिळाला आणि तो एवढा आवडला, की श्रावण संपून मासे आले तरी काप ताटात राहिलेच.

आणि हो, सुरणावरून आठवलं. आजकाल 'झिरो कॅलरी' म्हणून जे जपानी शिराताकी नूडल्स महागड्या पाकिटातून येतात, ते कोंजॅक नावाच्या कंदापासून होतात. तो कोंजॅक म्हणजे आपल्या सुरणाचा सख्खा चुलतभाऊ. मंडईत टोपलीखाली मातीत पडलेला दिसतो ना, त्याच घराण्यातला. फॉरेन रिटर्न झाला की चुलतभावाचा भाव वाढतोच, नाही का?

टंचाईतून निघालेल्या नकलांचीही एक वेगळी कहाणी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या अखेरीस ब्रिटनमध्ये केळ्यांची आयात थांबली. मग तिथल्या बायका पार्सनिप नावाचं गाजरासारखं पांढरं मूळ उकडायच्या, घोटायच्या, त्यात साखर आणि केळ्याचा इसेन्स घालायच्या आणि मुलांना केळं म्हणून सँडविचमध्ये द्यायच्या. त्या आयांकडे केळी नव्हती हो! आपल्याकडे इंद्रायणी आहे, आंबेमोहोर आहे, मावळातून आलेलं नवं पोतं आहे आणि तरी आपण फ्लॉवर किसतोय.

बाबांची वाटी

आता तुम्ही म्हणाल, हिला काय होतंय थट्टा करायला, वजन आमचं वाढतंय. मान्य! आणि प्रश्न फक्त वजनाचाही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातले एक माझ्या घरी आहेत. बाबा.

बाबा म्हणजे दोन्ही वेळा भात खाणारा माणूस. पहिला वरणभात, शेवटचा ताकभात. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला, तेव्हा मीच उत्साहाने एका रात्री फ्लॉवर किसून, जिऱ्याची फोडणी देऊन, वाफवून त्यांच्या ताटात मूद पाडली. वर वरण, तूप, लिंबू, सगळा थाट. बाबांनी एक घास खाल्ला. मग शांतपणे म्हणाले, "भात नको तर नको. मी सोडेन. पण भात म्हणून दुसरं काही वाढू नका."

त्यानंतर आईने जे केलं ते कुठल्याही डाएट प्लॅनमध्ये नव्हतं. तिने मूद पाडायची वाटी बदलली. जुन्या वाटीच्या जागी आली नैवेद्याची छोटी वाटी. ताटात रिकामी झालेली जागा उसळीने आणि कोशिंबिरीने भरली. भात आहे, खरा आहे, थोडा आहे. बाबा तो वरणभात आजही असा जेवतात, की बघणाऱ्याला भूक लागावी. फ्लॉवर आमच्याकडे अजूनही होतो. मटार घालून, रस्सा करून. आणि बाबा तो मागून घेतात.

आईला हे माहीत नव्हतं, पण ती संशोधकांच्या बरोबरच चालली होती. त्याच इंडियाब प्रकल्पाचा २०२५ मध्ये आलेला अभ्यास सांगतो, की भारतीयांच्या एकूण कॅलरीजपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्यातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग पुढे आहे. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ, एवढीच अदलाबदल केली तर मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही. थोडी कर्बोदकं कमी करून त्या जागी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातली प्रथिनं आली, तिथे मात्र फरक दिसला. थोडक्यात, भाताचं सोंग कोण घेतंय याला महत्त्व नाही, भाताच्या शेजारी कोण बसलंय याला आहे. (मधुमेह असेल तर वाटीचं माप डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आमच्या आईच्या वाटीवर जाऊ नका.)

चार वाजता काय होतं?

शेजारी कोणीच बसलं नाही तर काय होतं, हे बघायचं असेल तर कुठल्याही आयटी पार्कात दुपारी चार वाजता उभे राहा. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि तिने तीन महिने दुपारच्या डब्यात झुकिनीचे नूडल्स न्यायला सुरुवात केली. झुकिनीत शंभर ग्रॅमला साधारण १७ कॅलरीज. डबाभर खाल्ले तरी किती होणार? एक वाजता ती तृप्त आणि भयंकर सात्त्विक दिसायची. तीनला गप्प. चारला तिचा हात ड्रॉवरमधल्या क्रीमच्या बिस्किटांकडे आपोआप जायचा. कधी बिस्किटं, कधी गेटवरचा वडापाव आणि त्यानंतर तासभर रडवेला चेहरा. "माझ्यात विलपॉवरच नाहीये गं."

विलपॉवरचा काय संबंध? भूक लागली होती तिला! दुपारच्या जेवणात पोट धरून ठेवेल असं काही नव्हतंच. तिने दोन पोळ्या आणि वाटीभर मटकीची उसळ नेली असती, तर चारचा वडापाव कदाचित आलाही नसता. आणि आला असता, तरी तो मजेत खाता आला असता.

मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. फ्लॉवरच्या भाताने कोणाचं वाईट होत नाही, पण त्याच्या पाकिटावरची भाषा बघा. 'गिल्ट-फ्री'. म्हणजे साधा भात हा गुन्हा? आठवड्यातून एकदा 'चीट डे'. म्हणजे आईच्या हातची पुरणपोळी ही फसवणूक, मग फसवलं कोणाला? दिवसभर लॅपटॉपसमोर बसून, ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून घरी आलेल्या माणसाने गरम भातावर तूप सोडताना खाली मान घालायची, ही कसली जीवनशैली?

महाराष्ट्राने तर डाएटचं महायुद्ध पाहिलंय. २०१८ च्या सुमारास लग्नाच्या पंगतीतही 'तुम्ही दीक्षित की दिवेकर?' असा प्रश्न यायचा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळाने खा, तूप-भाताला घाबरू नका. घराघरात दोन पक्ष पडले, सासू दीक्षित आणि सून दिवेकर. पण त्या भांडणातसुद्धा भात हा भातच होता. एक पक्ष तो कधी खावा यावर वाद घालत होता, दुसरा कितीदा खावा यावर. तो फ्लॉवर असल्याचा दावा कोणीच करत नव्हतं.

किसणार कोण?

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा. चार माणसांसाठी फ्लॉवरचा भात करायचा तर मोठा गड्डा लागतो. तो मिठाच्या पाण्यात ठेवा, अळ्या बघा, पुसून कोरडा करा, किसा, परता. ओट्यावर, जमिनीवर, केसांत सगळीकडे पांढरा भुगा. तांदूळ? दोनदा धुवायचा, कुकर लावायचा, तीन शिट्ट्या.

आणि हे किसतं कोण, तर बहुतेक घरांत डाएट करणारा माणूस सोडून बाकी कोणीही. आई, बायको नाहीतर स्वयंपाकाच्या मावशी. माझ्या फ्लॅटवर येणाऱ्या मावशींना मी हा पदार्थ समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी किसणी हातात घेऊन मला एकच विचारलं, "म्हणजे ताई, भाजी बारीक करायची आणि तिला भात म्हणायचं. मग भाजी कसली करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर त्यांना कळवा. तोपर्यंत आमच्याकडे फ्लॉवर-मटार आणि भाताची छोटी वाटी.

---

बहुरूप्यांची हजेरी
कोण पास, कोण नापास? आमचं प्रगतिपुस्तक

फ्लॉवरचा भात: भाजी म्हणून प्रथम श्रेणी, भात म्हणून नापास. लसूण आणि हिरवी मिरची घालून परता, पोळीबरोबर खा, मनावरचं ओझं उतरेल.

झुकिनीचे नूडल्स: दिसायला सुंदर, टिकायला दुबळे. बशीत पाणी सुटायच्या आत फोटो काढून घ्या. त्याच पैशांत दुधीचे चार मुटके होतील आणि खालीही काही उरणार नाही.

बदामाच्या पिठाची पोळी: 'लाइट' समजून खाणाऱ्यांसाठी खास सूचना. शंभर ग्रॅम बदामात जवळजवळ ५८० कॅलरीज असतात, गव्हाच्या पिठात साधारण ३४०. ग्लुटेन नको असेल तर ज्वारीची भाकरी आहेच. तिच्यात ते कधीच नव्हतं, फक्त तिने जाहिरात केली नाही.

फणसाचं मटण: रेशा हुबेहूब, प्रथिनांचा पत्ता नाही. शंभर ग्रॅमला जेमतेम दोन ग्रॅम, शिजवलेल्या चिकनमध्ये पंचवीसहून जास्त. कोवळ्या फणसाची भाजी म्हणून खाल तर मात्र ताट चाटाल.

लेट्यूसचा बर्गर: पहिल्या घासाला टिक्की मागून निसटते, दुसऱ्याला शर्टवर पडते. ड्राय-क्लीनिंगचं बिल धरून किंमत मोजावी.

रताळ्याचा टोस्ट: जॅम लावू नका त्याला, काय राव! निखाऱ्यावर भाजा, मीठ-तिखट भुरभुरा. रताळं जन्मतःच स्टार आहे, त्याला डुप्लिकेटचं काम देऊ नका.

सुरणाचे काप: विशेष गुणवत्ता! कोणाचीही नक्कल नाही, कोणाचीही माफी नाही. कुरकुरीत.